सहलीची जागा : मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय

सांस्कृतिक समिती : सर्व सभासदांना नमस्कार. एकदिवसीय सहलीसाठी बी-६०२ च्या काकांनी मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे नाव सुचवले असून बैठकीत त्यावर एकमत होऊ शकले नाही, म्हणून चर्चा इथे घेत आहोत. शुभ सकाळचे फुलांचे संदेश आज कृपया टाकू नयेत.

ए-३०४ : हरकत माझीच होती. पुण्याहून एवढा प्रवास करून जायचे आणि न कळणाऱ्या चित्रांपुढे मान डोलवत उभे राहायचे, त्यापेक्षा रस्त्यापलीकडच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना मूर्ती आणि शस्त्रे तरी पाहता येतील.

बी-६०२ : काकू, मी चित्रांसाठी चला असे म्हटलेच नव्हते, माझा सगळा आग्रह इमारतीसाठी आहे. ही वास्तू म्हणजे १९११ चे सर कावसजी जहांगीर सभागृह. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि तुम्ही म्हणता ते समोरचे वस्तुसंग्रहालय, शेजारची विज्ञान संस्था व गेटवे ऑफ इंडिया हीदेखील त्याचीच कामे आहेत. शहरात मोठी सभागृहे नव्हती त्या काळात इथे राजकीय सभा आणि संगीताच्या मैफली होत असत. पुढे वातानुकूलित नाट्यगृहे आली, तशी या सभागृहाची रया गेली आणि मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागत समारंभ, इतकेच काय, चामड्याच्या कपड्यांचे सेलसुद्धा इथे भरू लागले. एखाद्या बिल्डरच्या हाती पडती, तर तिथे आज काय उभे असते हे पुण्यातल्या वाड्यांचे झाले ते पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. इथे मात्र रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार बाहेरची दगडी वास्तू तशीच राखून आत नवी दालने रचण्यात आली. नूतनीकरणाचे हे काम सुमारे बारा वर्षे चालले आणि १९९६ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. आतला अर्धवर्तुळाकार जिना एका दालनातून वरच्या दालनात नेत नेत शेवटी थेट घुमटाखाली पोहोचवतो. एरवी घुमट खालून मान वर करून पाहायचा असतो. इथे आपण चढत चढत त्याच्या कुशीत जातो. बांधकामात उभा जन्म घालवलेल्या माणसाला तो जिना पाहूनच तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील.

ए-५०१ : म्हणजे ही जहांगीर आर्ट गॅलरीच ना? तिथे आम्ही जाऊन आलो आहोत.

सी-१०१ : नाही काका, नावामुळे सगळ्यांचीच गल्लत होते. देणगीदार घराणे एकच असले, तरी जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची आणि काँक्रीटच्या काळातली आहे, तर हे सभागृह त्याच्या चार दशके आधीचे आहे. बी-६०२ च्या काकांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु वास्तुरचनेच्या व्यवसायात असल्यामुळे दुसरी बाजू मांडणे भाग आहे. सभागृहाचे खरे वैभव त्याच्या एकसंध, मोकळ्या उंचीत असते. आत मजले घातल्यावर ती उंची एका नजरेत मावेनाशी होते आणि पहिल्यांदा येणाऱ्याला आपण पूर्वीच्या सभागृहात उभे आहोत याचा पत्ताही लागत नाही. चित्रे टांगायला भिंती हव्यात, म्हणून हा सौदा करावा लागला हे मी समजू शकते, तरीही तो सौदाच होता. म्हणून माझी सूचना अशी की, आत जाण्यापूर्वी इमारतीला बाहेरून सावकाश पाहावे, म्हणजे आत काय बदलले आहे ते जिना चढताना आपोआप लक्षात येईल.

बी-६०२ : ताई, उंचीबद्दलचे तुमचे म्हणणे रास्त आहे. पण ती उंची जपली असती आणि वास्तू कुलूपबंद राहिली असती, तर तिचा उपयोग पारव्यांनाच झाला असता.

ए-३०४ : इमारतच पाहायची असेल तर माझी हरकत नाही, मात्र गुडघ्यांनी अर्धवर्तुळाकार जिन्याला संमती दिलेली नाही. शिवाय दुपारी दोन तास समोरच्या वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावेत, म्हणजे मुलांचीही सोय होईल आणि एकाच वास्तुविशारदाच्या दोन इमारती शेजारी शेजारी पाहिल्यासारखे होईल.

सांस्कृतिक समिती : काकूंची सूचना सर्वांना मान्य दिसते. संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे रविवार धरत आहोत. प्रदर्शन बदलताना दालने बंद असण्याची शक्यता लक्षात घेऊन, तसेच ज्येष्ठांसाठी लिफ्टची काय व्यवस्था आहे हे विचारण्यासाठी, समिती आधी तिथे फोन करील आणि त्यानंतरच डेक्कन क्वीनचे आरक्षण करील. येणाऱ्यांनी आपला फ्लॅट क्रमांक आणि माणसांची संख्या गुरुवारपर्यंत इथेच कळवावी.

ए-५०१ : ए-५०१, दोन माणसे. खिडकीजवळची जागा मिळाल्यास बरे होईल.