सोसायटीत पाडवा पहाट करायची आहे (नाशिक): वेळ, परवानगी, माइक याबद्दल विचारायचंय

इंदिरानगरकर
मंडळी, यंदा दिवाळी पाडव्याला सोसायटीच्या आवारात शास्त्रीय गायनाची पहाट करायचं घाटतंय. गायिका काळी चारमध्ये गातात (पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा). साथीला तबला-पेटी, मागे दोन तानपुरे. सुरुवात ललत रागाने, मग अहिर भैरव, शेवटी नाट्यपद, अभंग आणि भैरवी असा त्यांचा बेत आहे. श्रोते दीडशे-दोनशे, प्रवेश मोफत. मैदान उघडं आहे, शेजारी लहानसं क्लबहाऊस. पत्रिकेत पहाटे साडेपाच छापायचं म्हणतोय. समितीत कुणालाच अनुभव नाही, आणि साउंडवाला म्हणाल तर गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा तेवढा ओळखीचा आहे. कुठे फसू शकतं ते सांगा.

नियमावली
पहिल्यांदा पत्रिका थांबवा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही (ध्वनिप्रदूषण नियम, २०००). बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सवलत आहे, मैदानाला नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकतं, पण तीही रात्री दहा ते बाराची. पहाटेची नाही. "सगळे पाच वाजताच सुरू करतात" हे शेजाऱ्याने तक्रार केल्यावर कामाला येत नाही.

सहा छापा. तुमचं काही बिघडत नाही. पाडव्याच्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या पुढेच असतो, म्हणजे सहाला बसलेला ललत अजून अंधारातच आहे. उजाडता उजाडता अहिर भैरव सुरू होईल. साडेपाचचा हट्ट धरलात तर उलट ललत संपूनही अंधारच राहतो.

सहानंतरही लेखी परवानगी लागतेच. पोलीस ठाण्यात अर्ज द्या, सोबत जागेचा साधा नकाशा, वेळ आणि सोसायटीचा ठराव जोडा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि आवाराच्या हद्दीवर तुमच्या स्पीकरचा आवाज त्यापेक्षा दहाने, म्हणजे ६५ च्या वर जाता कामा नये. १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट आहे का ते आधी पाहा. असेल तर मैदान विसरा आणि क्लबहाऊसमध्येच बसा.

डग्गा_धीमा
वरच्या नियमाचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. सहाच्या आधी स्पीकर नाही, म्हणजे पहाटे साउंड चेकही नाही. तो आदल्या संध्याकाळी, दहाच्या आत, गायिका आणि दोन्ही साथीदारांना बसवून उरका. मिक्सरच्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सकाळी स्पीकर बंद ठेवून फक्त हेडफोनवर एकेक माइक जिवंत आहे का तेवढं तपासा.

माइक सात धरा: गायिकेला एक, पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, प्रत्येक तानपुऱ्याला एक, निवेदकाला एक. शुअरचे एसएम ५८ आणि ५७ पुरतात, भारी काही नको. तबल्याचा माइक पुडीपासून (वरच्या चामड्यापासून) चार-सहा इंच वर, काठाकडे वळवून ठेवा. अगदी चिकटवला तर चाटीचा म्हणजे काठाचा फटकाच ऐकू येतो, नाद नाही. तानपुरा श्रोत्यांना जेमतेम जाणवेल एवढा ठेवा, गायिकेच्या मॉनिटरमध्ये (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) मात्र भरपूर द्या. मॉनिटर दोन हवेत: एक गायिकेसमोर, एक तबलजीसमोर. पेटी फार वर घेतली की गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि ती ओढून गाते.

ऑर्केस्ट्रावाल्याला दोनच गोष्टी बजावा. एको शून्य. बेस कमी, आणि गायनाच्या माइकवर लो कट (खालचा घुमारा गाळणारं बटण) चालू. त्याच्या हाताला ढोल आणि गिटारची सवय असते. डग्ग्याच्या घिश्शाला (तळहात घासून काढलेल्या नादाला) तो हमखास बेस चढवतो, मग ती मींड छातीत आदळते आणि बंदिशीचे शब्द विरघळून जातात.

आणखी एक. दिवाळीच्या माळा आणि साउंड एकाच फेजवर घेऊ नका, स्पीकरमधून घरघर येते. इलेक्ट्रिशियनला सांगून साउंडला वेगळा फेज आणि नीट अर्थिंग घ्या. जनरेटर ठेवायचाच असेल तर इमारतीच्या पलीकडे.

जवारी
वाद्यांबद्दल सांगतो, कारण फजिती बहुधा इथेच होते.

ललतमध्ये पंचम (प) नाही. तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला (म) लागेल. अहिर भैरवला ती पंचमावर न्यावी लागते. म्हणजे दोन रागांच्या मध्ये दोन्ही तानपुरे पुन्हा लावायचे, निवांतपणे पाच मिनिटं. तुमच्या निवेदकाचं मुख्य बोलणं त्या पाच मिनिटांत ठेवा. सत्कार आणि प्रायोजकांचे आभारही तिथेच उरका, अधेमधे नको. फक्त निवेदकाचा आवाज मंचाच्या मॉनिटरमधून बंद करायला सांगा, नाहीतर तारा लागत नाहीत.

तानपुरे बायकांच्या स्वराचेच मागवा. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याला काळी चारपर्यंत ताणायला गेलात तर तार तुटते, आणि पाडव्याच्या पहाटे तार विकत मिळत नाही. जादा तारांचा एक संच पिशवीत असू द्या. गाडीत तानपुरा मागच्या सीटवर, भोपळ्याखाली उशी देऊन. डिकीत कधीच नाही.

आता उघड्या मैदानाचं. नोव्हेंबरच्या पहाटे आपल्याकडे दव पडतं. ओल लागली की तबल्याची पुडी सैल पडते, तबला उतरतो. थंडीने तार मात्र आकसून चढते. दोन्ही उलट दिशेला पळतात आणि पेटी जागची हलत नाही, म्हणून सगळ्यांनी पेटीला धरून लावायचं. उपाय साधा आहे: मंचावर वरून आणि मागून जाड कापड, आणि वाद्यं साडेपाचलाच मंचावर आणून ठेवा, म्हणजे हवेला सरावतात. तबला हॅलोजनपाशी शेकायला कुणालाही देऊ नका. तेवढ्यापुरता चढतो, मग मध्यलयीत गट्टे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसावं लागतं. काळी चारला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. तबलजींना दोन आणायला सांगा, एक लावून झाकून ठेवलेला.

मंच १६ बाय १२ फूट, उंची दीड-दोन फूट. पोकळ प्लायवुड नको, डग्गा त्यात घुमतो. वर जाड सतरंजी, मग गादी.

पंचवटी_पार
तारखेचा विचार पुन्हा करा असं मी म्हणेन. पाडव्याला नेहरू चौकात पिंपळपारावर पहाट असते. गावातला जाणता श्रोता तिकडे असतो, आणि चांगले तबलजी महिनोन्‌महिने आधी ठरलेले असतात. त्या दिवशी एकेक साथीदार दोन ठिकाणी वाजवतो. "आठनंतर दुसरीकडे आहे का?" हे आत्ताच विचारा, नाहीतर भैरवीच्या वेळी तबलजींचं लक्ष घड्याळाकडे. वसुबारसेला केलंत तर निम्मी ओढाताण वाचेल, फटाकेही कमी.

दिवाळीच हवी असंही नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम इथेच पंचवटीत होता, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्करांचा जन्मही नाशिकचाच, २८ मे १९२१ चा. विष्णु दिगंबरांची पुण्यतिथी २१ ऑगस्टला असते. त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये साठ-सत्तर माणसांची बैठक, बिनमाइकची, तर परवानगीचा फेराही नाही. मला स्वतःला हे दोनशे लोकांच्या मैदानापेक्षा बरं वाटतं, पण सोसायटीला लाडू-चिवडाही हवा असतो, समजू शकतो.

नियमावली
अभंग-नाट्यपदाचं राहिलंच. प्रवेश मोफत असला की परवाना लागत नाही हा गैरसमज आहे. कायद्यातली सूट हौशी मंडळाने पैसे न घेता, बिनतिकिटाच्या श्रोत्यांसमोर केलेल्या सादरीकरणाला आहे. मानधन घेणाऱ्या कलाकाराला ती लावून धरणं अवघड. पारंपरिक बंदिशी मोकळ्या आहेत. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर या नाटककारांच्या पदांचे शब्दही, कारण लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अभंगात गोम अशी की शब्द तुकोबांचे, पण चाल संगीतकार श्रीनिवास खळे यांची असेल तर ती अजून हक्काखाली आहे. तसं काही गाणार असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवाना आधी घ्या. गायिकेकडून पदांची यादी चालींसह लेखी मागवा.

इंदिरानगरकर
सगळ्यांचे आभार. वेळ सहाची केली, दिवस वसुबारसेचा धरतोय. पाऊस आला तर क्लबहाऊसमध्ये हलवू, पण तिथे फरशी आणि एका बाजूला पूर्ण काच. टाळी वाजवली तरी घुमतं.

डग्गा_धीमा
पावसाची शंका रास्त आहे, परतीचा पाऊस कसा लांबतो ते द्राक्षवाल्यांना विचारा. काचेवर जाड पडदे लावा, नसतील तर मंडपवाल्याकडून कनाती घेऊन चुण्या पाडून टांगा. ताणून लावल्या तर उपयोग नाही. फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या. मंच काचेकडे पाठ करून नको, समोरच्या भिंतीला. माणसं बसली की निम्मा घुमारा ती खातात, म्हणून रिकाम्या खोलीत ऐकून घाबरू नका. स्पीकर बाहेरचे नकोत, दोन लहान पुरतात, मॉनिटर एकच. माणसं मात्र शंभरच्या वर बसणार नाहीत, बाकीच्यांना व्हरांड्यात खुर्च्या द्या आणि दार उघडं ठेवा. मैदान की क्लबहाऊस हा निर्णय आदल्या दिवशी दुपारी चारलाच घ्या, कारण साउंड चेक जिथे गाणार तिथेच व्हायला हवा.