कार्डाचं बिल दर महिन्याला वेळेवर भरते, तरी बाकी हलत नाही आणि सिबिल घसरला. मदत हवी आहे

प्राजक्ता_ऐरोली:
सिडकोच्या लॉटरीत तळोज्याला घर लागलंय. होम लोनसाठी बँकेत गेले, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या सिबिल (कर्ज नीट फेडता का, याचा स्कोअर) ७०२ दाखवतोय, आधी कार्डाचं बघा. गेल्या वर्षी ७८१ होता! मी एकही तारीख चुकवलेली नाही. मेसेज आला की त्याच आठवड्यात भरते. कार्डावर हल्ली काही घेतही नाही, तरी बाकी जागच्या जागी. कस्टमर केअरला चार फोन झाले, 'सगळं बरोबर आहे' एवढंच ऐकवतात. कार्ड बंद करून टाकू का? शुक्रवारी परत बोलावलंय, प्लीज लवकर सांगा.

घोडबंदरकर:
लिमिट किती? बाकी किती? भरता किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सानपाडा७१:
बंदच करा. मी ३४ वर्षं दाणाबाजारात नोकरी केली, दोन मुलींची लग्नं केली, कधी उधारीवर टाचणी घेतली नाही. खिशात असेल तेवढंच खर्चायचं.

नौपाडा_दुकान:
काका, तुमचं म्हणणं पटतं, पण कार्ड बंद केल्याने बाकी फिटत नाही. ताई, आत्ता बंद करू नका. एक तर पूर्ण पैसे भरल्याशिवाय बंद होणार नाही. भरल्यावर अर्ज केलात तर ७ कामाच्या दिवसांत बंद करून देणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांनाच. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पण लोनच्या तोंडावर जुनं कार्ड घालवू नये. घोडबंदरकरांनी विचारलंय ते आधी सांगा.

प्राजक्ता_ऐरोली:
लिमिट ७५,०००. मेसेज जसाच्या तसा: टोटल ड्यू ६१,३८४, मिनिमम ड्यू ३,०७०, तारीख २६. गेल्या महिन्यात ३,०५० भरले होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि फ्रिज एकाच महिन्यात आले, तेव्हापासून हे चाललंय.

घोडबंदरकर:
म्हणजे तुम्ही मिनिमम भरताय! स्टेटमेंटची पीडीएफ उघडा, 'फायनान्स चार्जेस', म्हणजे व्याज, किती लिहिलेत बघा.

प्राजक्ता_ऐरोली:
२,१५०. खाली जीएसटी ३८७. खरेदी फक्त औषधांची, ८९७. पण मिनिमम भरलं की बिल भरलं असंच होतं ना? मेसेजमध्ये तेच लिहितात.

नौपाडा_दुकान:
नाही ताई. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज चालूच राहतं. तुमच्या ३,०५० मधले २,५३७ व्याज आणि जीएसटीत गेले. मूळ बाकी कमी झाली ५१३ रुपयांनी, त्यावर औषधांचे ८९७ चढले. आणि बाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदतही जाते, त्या औषधांना घेतल्या दिवसापासून व्याज लागलंय. स्कोअरचंही तेच. ७५ हजारांतले ६१ म्हणजे ८२ टक्के लिमिट कायम भरलेलं. ३० टक्क्यांच्या आत असलेलं बरं.

कळवा_रायडर:
ताई, पेट्रोलचं कार्ड घ्या. ठाणे-बेलापूर रोडने रोज जाणं-येणं असेल तर सरचार्ज वाचतो, पॉइंट वेगळे.

घोडबंदरकर:
होम लोनची फाइल पुढ्यात असताना नवीन कार्डाचा अर्ज? त्याची एन्क्वायरी, म्हणजे अर्ज केल्याची नोंद, सिबिलच्या रिपोर्टमध्ये दिसते. काहीतरी सांगू नका. ताई, बाकीचं ईएमआयमध्ये रूपांतर करून घ्या, व्याज निम्म्याखाली येईल.

नौपाडा_दुकान:
ईएमआय केला तरी कर्ज राहतंच, आणि होम लोनवाले तो हप्ता तुमच्या पगारातून वजा करूनच रक्कम ठरवतात. घरात एफडी, आरडी काही आहे का?

प्राजक्ता_ऐरोली:
मुलीच्या नावाने बाजूला ठेवलेली ८०,००० ची एफडी आहे, माझ्याच खात्यावर. ७ टक्क्यांची. तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

सानपाडा७१:
लेकीची ठेव मोडू नका.

नौपाडा_दुकान:
काका, हिशोब बघा. ठेवीवर वर्षाला ७ टक्के मिळतात. कार्डाला महिन्याला साधारण ३.६ टक्के जातात, वर्षाचे ४३, वर जीएसटी. ठेव मोडून कार्ड शून्यावर आणायचं आणि आत्ता जे ३,०५० जातात त्याची लेकीच्या नावाने आरडी लावायची. दोन वर्षांच्या आत ठेव परत उभी.

मी कार्डाच्या विरोधात नाही. माझं बिल ५ तारखेला बनतं, भरायची तारीख २५. दिवाळीआधी ६ तारखेला जांभळी नाक्यावरून पॅकिंगचा माल घेतला की पैसे द्यायला ५० दिवस मिळतात, तोवर माल विकून होतो. एक रुपया व्याज नाही. दुकानासाठी लोन काढलं तेव्हा ह्याच कार्डाचा सहा वर्षांचा इतिहास कामी आला. फक्त ऑटो-डेबिट 'टोटल अमाउंट ड्यू'वर लावलेलं आहे. तुमचं बहुतेक 'मिनिमम'वर असेल, ॲपमध्ये बघून घ्या.

सानपाडा७१:
४३ टक्के मला माहीत नव्हतं. मग मोडा.

प्राजक्ता_ऐरोली:
ऑटो-डेबिट नाहीये, हातानेच भरते. ॲपमध्ये ते बटण आधीच मिनिममवर टिक केलेलं येतं, मी तेच दाबत आले. आज ह्यांच्याशी बोलते.

प्राजक्ता_ऐरोली:
अपडेट. २४ तारखेला एफडी मोडून पूर्ण ६१,३८४ भरले. मॅडमनी फाइल ठेवून घेतलीय, स्कोअर अपडेट झाला की पुढे पाठवतील. पण आत्ता नवीन बिल आलं, १,३९१ रुपये! काहीही घेतलेलं नाही. हे कशाचे?

नौपाडा_दुकान:
बिल ८ तारखेला बनलं, तुम्ही २४ ला भरलेत. मधल्या १६ दिवसांचं व्याज आणि जीएसटी. हे पूर्ण भरा, मिनिमम नाही. पुढचं बिल शून्य येईल. जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिलला निदान पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, तेव्हा स्कोअर महिनाअखेर बघा.

प्राजक्ता_ऐरोली:
भरले. १,३९१, टोटल.