अनुभव धागा : ऑफिसच्या आधीचा डोंगर

सॉल्ट लेक सिटी (धागा काढणारा)

नऊच्या मीटिंगला जे कॅमेरा बंद ठेवतात, त्यातले निम्मे तरी नुकतेच डोंगरावरून उतरलेले असतात असा मला दाट संशय आहे. निदान आमच्या गावात तरी. वासाच डोंगररांग शहराला इतकी खेटून आहे की लिटल कॉटनवुडच्या घळीचं तोंड गाठायला अर्धा तासही लागत नाही. जानेवारीत पहाटे साडेचारला वर पार्किंगमध्ये गाड्या लागलेल्या असतात. डिकी उघडून बूट चढवणाऱ्यांत नर्स, वकील, शाळामास्तर आणि आमच्यासारखे कीबोर्ड बडवणारे, सगळे असतात.

ज्यांनी हा स्की-टूरिंगचा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिफ्ट नाही, स्वतः चढायचं. स्कीच्या तळाला स्किन्स नावाच्या लांब पट्ट्या चिकटवायच्या. पूर्वी सीलचं कातडं वापरत, आता मोहेर किंवा नायलॉन. लव मागच्या बाजूला वळलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचा पुढचा भाग दोन बारीक पिनांमध्ये अडकतो आणि टाच मोकळी राहते. खिंडीत पोचलं की पट्ट्या काढायच्या, टाच लॉक करायची आणि खाली सुटायचं.

त्या पट्ट्या काढण्यात खरी परीक्षा. वारा सुटलेला, हेडटॉर्चच्या उजेडात बर्फाचे कण आडवे धावतायत. जाड ग्लव्हमध्ये शेपटाकडची क्लिप सापडत नाही, म्हणून ग्लव्ह दातात. पट्टी एका झटक्यात ओढायची, गोंदावर बर्फ बसायच्या आत गोंदाला गोंद लावून दुमडायची आणि जॅकेटच्या आत पोटाशी खुपसायची. पोटाशी यासाठी की गार गोंद चिकटत नाही आणि पुन्हा चढायचा बेत असेल तर ती ऊबच कामाला येते. अनुभवी लोक हे स्की न काढता, एका पायावर उभं राहून करतात. मी खाली बसतो.

माझी नेहमीची वाट घळीच्या वरच्या टोकाच्या आल्टाहून ग्रिझली गल्चमार्गे वर. युटा अ‍ॅव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज सकाळी साडेसातच्या सुमाराला येतो, तोवर आम्ही अर्धे वर असतो. त्यामुळे आदल्या दिवशीचा अंदाज, रात्री पडलेला बर्फ आणि वाऱ्याचे आकडे पाहून उतार आधीच ठरवतो, आणि तो तीस अंशांच्या आतला. थराचं हिमस्खलन, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून येतो ते, बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतं. तेवढं वगळलं, आणि डोक्यावर तसा उतार लटकलेला नाही एवढं पाहिलं, की बराचसा प्रश्न मिटतो. बर्फ फारच पडला असेल तर मुद्दाम हिमस्खलन पाडण्यासाठी घळीचा रस्ताच पहाटे बंद करतात. मग काय, अंथरूण.

प्रश्न असा आहे : नोकरीची वेळ डोक्यावर असणं डोंगरात फायद्याचं की धोक्याचं? माझं मत फायद्याचं. साडेसातला जिथे असू तिथून परत, वाद नाही. तुमचे अनुभव लिहा. स्कीच पाहिजे असं नाही, ऑफिसच्या आधी चढलेला कुठलाही डोंगर चालेल.

इन्सब्रुक

आमच्याकडे टिरोलचं हिमस्खलन-पत्रक आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता येतं. साउथ टिरोल आणि ट्रेंटिनोसह तिघांचं मिळून, २०१८ पासून. सकाळी गरज पडली तर सुधारतात. त्यामुळे निर्णय जेवणाच्या टेबलावरच होतो. मला हे जास्त पटतं. पहाटे चारला माणसाची अक्कल पूर्ण जागी झालेली नसते, तेव्हा तिला निर्णय घ्यायला लावू नये.

एक गोष्ट इथे नवीन येणाऱ्या आपल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. हिमस्खलन नको म्हणून बरेच जण अंधारात स्की-रिसॉर्टच्या बंद पिस्टवरून, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावरून, चढतात. वाटतं की रोलर फिरवलेली सपाट वाट आहे, इथे काय होणार. पण रात्री आणि पहाटे तिथे बर्फ सारखा करणारी यंत्रं चालू असतात, आणि तीव्र उतारावर ती वरच्या खांबाला पोलादी तार बांधून काम करतात. तार हजार मीटरपर्यंत असू शकते. यंत्र दुसऱ्याच वळणापलीकडे, दिसतही नाही, आणि तार बर्फात सैल पडलेली. ती ताणली गेली की एका क्षणात बाजूला फटकारते. यात माणसं मेलेली आहेत. म्हणून ठरावीक संध्याकाळी ठरावीक पिस्ट चढणाऱ्यांसाठी खुल्या ठेवतात. त्या दिवशी खुशाल जा, वर गरम सूपही मिळतं. बाकी वेळी पाटी लावलेली असेल तर पाटीचं ऐकायचं.

डेन्व्हर

धागा छान, पण साडेसातच्या नियमाशी मी असहमत. परत फिरण्यासाठी घड्याळ चांगलं हे मान्य. पण उतरण्यासाठी? सगळी घाई तिथे होते. उशीर झाला की कडेकडेच्या कमी उताराच्या वाटेऐवजी सरळ खाली घुसायचा मोह होतो, कारण सरळ उतरलं की वीस मिनिटं वाचतात. माझ्या ओळखीतल्या एकाने सोबतच्यांना "मला स्टँडअप आहे" (टीमची सकाळची मीटिंग) म्हणत असा उतार घेतला. त्या दिवशी काही झालं नाही, आणि मला तेच जास्त वाईट वाटलं. पुढच्या वेळी तो आणखी निर्धास्त असणार.

कोलोरॅडोत हे परवडत नाही. इथला बर्फ पातळ आणि हवा कोरडी. नोव्हेंबरात पडलेला पहिला थर थंडीत आतून बदलतो आणि जाड साखरेसारखा सुटा होतो. त्याच्यावर अख्ख्या हिवाळ्याचा बर्फ चढतो. वरून बघाल तर सगळं शांत, पण खालचा थर महिनोन् महिने कच्चाच. अमेरिकेत हिमस्खलनाने सर्वांत जास्त बळी याच राज्यात गेलेत. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी मधल्या तिसरीवर लोक सगळ्यात जास्त फसतात. चौथी-पाचवीला माणूस घरीच बसतो, तिसरीला वाटतं चालून जाईल.

आमचा बेत साधा. लव्हलँड पास (११,९९० फूट) गाडीने गाठता येतो, पण कामाच्या दिवशी तिकडे जात नाही. आय-७० महामार्गावर ट्रक आडवा झाला की मीटिंगही गेली आणि दिवसही गेला. सकाळी वर चढू देणारं एखादं रिसॉर्ट बघायचं, त्यांचा परवाना घ्यायचा आणि त्यांनी आखून दिलेल्या वाटेने जायचं.

आणि ऑन-कॉल असणाऱ्यांनी ऐका. फोन छातीच्या खिशात ठेवू नका, तिथे ट्रान्सीव्हर (गाडलं गेल्यास शोधायला मदत करणारं रेडिओ यंत्र) असतो. सिग्नल देत असताना त्याच्यापासून इलेक्ट्रॉनिक वस्तू किमान वीस सेंटिमीटर लांब हव्यात, आणि गाडलेल्याला शोधताना पन्नास. स्मार्ट घड्याळ आणि बॅटरीचे गरम ग्लव्हही त्यात आले.

सिअ‍ॅटल

आम्ही दोघं. स्नोक्वाल्मी पास घरापासून पन्नास मैलांवर. डिसेंबरात सूर्य आठच्या आसपास उगवतो, म्हणजे सगळी सहल हेडटॉर्चवरच. नजारा वगैरे काही नाही. गोल उजेडात पुढच्या माणसाची टाच दिसते, बास. खिंड जेमतेम तीन हजार फुटांवर असल्यामुळे बर्फाऐवजी कधी पाऊस पडेल नेम नसतो. वरच्यांचा कोरडा बर्फ वाचून जीव जळतो.

आमचा खास धोका झाडांचा. मोठ्या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ भरत नाही, पोकळी राहते. वरून कळत नाही. माणूस डोकं खाली असा आत पडला की स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य, आणि हेल्मेट घातलंय की नाही याने काही फरक पडत नाही. म्हणून सोबत असणं पुरेसं नाही, सोबतचा माणूस दिसायला हवा. अंधारात आम्ही दर दोन वळणांना हाक देतो.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिल्या दिवशी पहाटे सव्वातीनला हॉलमधला दिवा लावून बसल्या. "चोरांसारखं कुठे निघालात?" सांगून पटलं नाही. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी आदल्या रात्रीच पोळीचे तूप-गुळाचे रोल फॉइलमध्ये करून ठेवले. थंडीत एनर्जी बार दगड होतात, हे रोल नाही होत. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधले दोन अमेरिकनही तेच मागतात.

मनाली

मूळची ठाण्याची, सध्या इथून रिमोट काम. सोलांगच्या कोर्समध्ये स्की शिकले. लॅपटॉप दहाला उघडायचा असतो, म्हणजे वेळ आहे. सामान नाही. भाड्याने मिळतात त्या लिफ्टवाल्या जुन्या स्की, टाच मोकळी होणारी बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी पकड) क्वचितच. माझी एका परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याकडून विकत घेतली. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन-पत्रक येतं, पण ते जिल्हा आणि उंचीच्या पट्ट्यानुसार. अमक्या नाल्याच्या अमक्या बाजूला काय, हे त्यात कसं असणार? ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. कुठल्या नाल्यात दरवर्षी बर्फ उतरतो हे त्यांना पाठ आहे. मी त्या नाल्यांच्या तोंडाशीही थांबत नाही.

पुणे

आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात. तरी परवानगी दिलीत म्हणून लिहितो. आठवड्यातून दोनदा सिंहगड, आतकरवाडीतून पायवाटेने, पहाटे पाचला सुरुवात. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, पायथ्यापासून सहाशे मीटरची चढण. रोज येणारे काका लोक आहेत. त्यांच्यातला एक हातात वजनाची पिशवी घेऊन चढतो आणि वर आम्हाला "आज उशीर झाला का?" विचारतो. देवटाक्याचं पाणी प्यायचं आणि लगेच उतरायचं. पिठलं-भाकरी रविवारवाल्यांसाठी, आम्हाला हिंजवडी गाठायची असते.

तुमचा एकच हेवा वाटतो, तो उतरायचा. आम्हाला चढायचे कष्ट वेगळे आणि उतरायचे वेगळे, गुडघे पन्नाशीच्या आत बोलायला लागतात. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि घाटरस्त्यावर दरडी येतात, तेव्हा आम्हीही वेताळ टेकडीवर समाधान मानतो. डेन्व्हरकरांचं घाईबद्दलचं म्हणणं इथेही लागू. जे पडताना पाहिलेत ते सगळे उतरताना, आणि बहुतेक घड्याळ बघत.

ट्रान्सीव्हर म्हणजे नक्की काय? आणि सगळ्यांचे एकमेकांशी जुळतात का?

सॉल्ट लेक सिटी

@पुणे : सतत रेडिओ सिग्नल देणारं आणि दुसऱ्याचा पकडणारं छोटं यंत्र. आणि हो, जुळतात. जगभर एकच फ्रीक्वेन्सी, ४५७ किलोहर्ट्झ, कंपनी कुठलीही असो. अंगाला बांधायचा, गाडीपाशीच चालू करायचा, घरी येईपर्यंत काढायचा नाही. कोणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापला शोध-मोडवर टाकतात, प्रोबने (लांब घडीच्या काठीने) टोचून जागा पक्की करतात आणि फावड्याने खणतात. हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही, म्हणून तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात आणि वापरायचा सराव हवा.

@डेन्व्हर : मान्य. परतीची वेळ मी आता अर्धा तास अलीकडे घेतो, आणि पहिली मीटिंग साडेनऊला हलवता येते का ते आज विचारतो. @सिअ‍ॅटल : मुलांच्या शाळेचं काय करता? आमच्याकडे खरी अडचण तीच आहे.

सिअ‍ॅटल

मुलगा सात वीसच्या बसला जातो, त्यामुळे दोघांनी एकत्र जाणं फक्त पाहुणे असतात तेव्हा. एरवी मंगळवारी नवरा त्याच्या मित्राबरोबर, गुरुवारी मी माझ्या मैत्रिणीबरोबर. जोडीदार आजारी पडला तर सहल रद्द, एकट्याने जायचं नाही. डबा मात्र ज्याचा डोंगर नाही त्याने भरायचा, त्यावरून अजून भांडणं होतात.