अनुभव धागा: मेल आणि तारखा संगणकावर आणि फोनवर एकसारख्या राहाव्यात म्हणून आपण काय केले?

हा धागा सुरू करण्यामागे माझा स्वतःचा एक कटू अनुभव आहे, म्हणून आधी तोच सांगते. मी पुण्यातील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात काम करते. आमच्या कार्यालयाचा मेल अनेक वर्षे एकाच संगणकावर उतरवून घेतला जात असे. तो 'पॉप' पद्धतीने येत होता, म्हणजे संगणकाने मेल उचलला की सर्व्हरवरची प्रत पुसली जात असे, आणि त्यामुळे फोनवर तो कधीच दिसत नसे. हे आम्हाला माहीत होते, पण त्यात धोका आहे असे कोणाला वाटले नव्हते. एका सोमवारी सकाळी संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि सहा वर्षांचा पत्रव्यवहार, त्यात विद्यापीठाच्या मान्यतेची पत्रेही, एका क्षणात गेला.

त्यानंतर आम्ही सर्व खाती 'आयमॅप' पद्धतीवर नेली. ही पद्धत १९८६ पासून अस्तित्वात आहे आणि तिच्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो; संगणक आणि फोन ही त्याकडे पाहण्याची दोन दारे असतात. एका ठिकाणी वाचलेला मेल दुसरीकडे वाचलेलाच दिसतो आणि एका ठिकाणी फोल्डरमध्ये टाकलेला दुसरीकडे त्याच फोल्डरमध्ये सापडतो. मात्र त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते: फोनवर पुसलेला मेल संगणकावरूनही जातो. आमच्या शिपायाच्या फोनवर कार्यालयाचे खाते जोडले होते आणि जागा रिकामी करण्यासाठी त्याने जुने मेल पुसायला सुरुवात केली होती. आम्ही ते वेळीच पाहिले, म्हणून वाचलो.

आपण मेल आणि कॅलेंडर कसे सांभाळता, कोठे चुकलात आणि काय बदललेत, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

*

सातारा, दिवाणी वकिली

आमच्या व्यवसायात तारीख म्हणजे सर्व काही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे लाल पुठ्ठ्याची डायरी आहे. कोर्टात तारीख पडली की ज्युनिअर ती डायरीत लिहितो, संध्याकाळी कारकून प्रत्येक फाइलच्या कव्हरवर पुढची तारीख मांडतो आणि रात्री मी दुसऱ्या दिवसाचे बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, पाहतो. ही पद्धत चांगली होती आणि आजही आहे. अडचण एवढीच की डायरी एक आणि माणसे तीन. मी कराडच्या कोर्टात असताना साताऱ्याची तारीख विचारायला फोन करावा लागे आणि डायरी ज्याच्या हातात असेल तो त्या वेळी युक्तिवादात गुंतलेला असे.

म्हणून आम्ही कॅलेंडरवर आलो आणि पहिल्याच वर्षी मोठी चूक झाली. ज्युनिअरने कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून, एका हातात फाइल धरून, फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख नोंदवली. त्याच्या फोनवर ती स्वच्छ दिसत होती. पण नवीन नोंद कोठे साठवायची हे कॅलेंडर विचारते, तेथे 'फोन' हा पर्याय आधीपासून निवडलेला होता, कार्यालयाचे खाते नव्हे. नोंद त्याच्या फोनमध्येच राहिली. कार्यालयाच्या संगणकावर तो दिवस मोकळा दिसत होता, म्हणून मी त्या दिवशी दुसरे काम घेतले. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूने कोणीही हजर नव्हते आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. तो पुन्हा नोंदीवर आणण्यासाठी अर्ज, खर्च आणि पक्षकारासमोर मान खाली घालणे, हे सर्व झाले. पक्षकार वयस्कर होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच अधिक लागले.

त्या दिवसापासून तिघांच्याही फोनमध्ये नवीन नोंदीचे ठिकाण म्हणून कार्यालयाचे खातेच ठरवले आहे आणि फोनमधील स्थानिक कॅलेंडर दिसेनासेच केले आहे. नोंद करणाऱ्याने ती स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या फोनवर उमटली का, हे पाहूनच व्हरांडा सोडायचा, असा नियम आहे. कारकुनाला फक्त पाहण्याची परवानगी आहे. बदल मी आणि ज्युनिअर करतो.

मुदतींसाठी वेगळे, लाल रंगाचे कॅलेंडर आहे. समन्स बजावल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते आणि कोर्टाने वाढ दिली तरी ती ९० दिवसांपर्यंत. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयातील ९० दिवस, आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. अशा प्रत्येक मुदतीला मी तीन आठवणी लावतो: पंधरा दिवस आधी, पाच दिवस आधी आणि आदल्या दिवशी. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरण टाकून ठेवले की पुढची तारीख तेथेही दिसते आणि तिच्याशी आमची नोंद दर शनिवारी ताडून पाहतो. लाल डायरी मात्र मी बंद केलेली नाही.

*

नांदेड, शिक्षिका

माझा अनुभव लहान आहे. फोनवर मेल येतच नसत. ॲप उघडले की एकदम बारा-पंधरा कोसळत. मला वाटले इंटरनेटचा दोष आहे. प्रत्यक्षात फोन बॅटरी वाचवण्यासाठी मेलच्या ॲपला मागे झोपवत होता. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीवरील निर्बंध काढले आणि प्रश्न मिटला. माझ्या बहिणीकडे आयफोन आहे, तिची अडचण निराळी होती: फोनसोबत येणाऱ्या मेल ॲपमध्ये जीमेलचे खाते जोडले तर ते ठरावीक अंतराने मेल आणते, आल्याबरोबर नाही. तिने जीमेलचेच ॲप घेतले.

*

पुणे, सॉफ्टवेअर

भारतातील घड्याळ वर्षभर एकच असते, त्यामुळे परदेशी घड्याळे सरकतात हे आपल्या अंगवळणी पडत नाही. माझ्या दोन कायमच्या बैठका आहेत. लंडनच्या सहकाऱ्यांची त्यांच्या दुपारी दीडला, म्हणजे हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला. न्यू जर्सीच्या मंडळींची त्यांच्या सकाळी साडेनऊला, म्हणजे हिवाळ्यात आपल्या रात्री आठला. अमेरिकेतील बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यू जर्सीची बैठक आपल्याकडे सातवर येते आणि लंडनचीही सातलाच असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, एक आठवडा, पुन्हा तेच घडते.

पूर्वी मी या बैठका हाताने, भारतीय वेळेत, स्वतःच्या फोनवर नोंदवत असे आणि वर्षातून दोनदा चुकत असे. आता बोलावणाऱ्याने पाठवलेले आमंत्रणच स्वीकारतो. त्यात त्याचा टाइम झोन बांधलेला असतो, त्यामुळे वेळ आपोआप सरकते. मी स्वतः बैठक बोलावतो तेव्हा ती कोणाच्या घड्याळाला बांधायची हे आधी ठरवतो. संगणकावरील कॅलेंडरमध्ये डाव्या कडेला दुसऱ्या टाइम झोनचा रकाना उघडता येतो. तो मी कायम उघडा ठेवतो. आणि १ मार्चला एक नोंद ठेवली आहे: 'लंडन आणि जर्सीची टक्कर, एकाला अर्धा तास मागे घ्यायला सांगणे.'

*

डोंबिवली, गृहिणी

इथे सर्वांनी नोकरी-व्यवसायाचे लिहिले आहे. मी घराचे लिहिते, कारण घराच्या तारखा सांभाळणे हेही कामच आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असते, माझ्या लग्नापासून एकही वर्ष चुकलेले नाही. त्यावर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, कामवाल्या मावशींची सुट्टी, हे सर्व पेन्सिलने लिहिलेले असते. फोन आला तेव्हा मुलाने वाढदिवस आणि विम्याचे हप्ते त्यात भरून दिले. त्याच उत्साहात मी सासऱ्यांची तिथी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, त्या वर्षीच्या इंग्रजी तारखेला टाकली आणि 'दरवर्षी' असे निवडले.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते हे मला माहीत नव्हते असे नाही, परंतु फोनला ते माहीत नाही हे लक्षात आले नाही. पुढच्या वर्षी तिथी सुमारे अकरा दिवस आधी आली आणि गेली. चिपळूणहून वन्संचा फोन आला, "वहिनी, आज नैवेद्य दाखवलात का?" तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. फोनने आठवण केली ती अकरा दिवसांनी. मी ते अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. वर्षाचे नवे कॅलेंडर घरात आले की एका दुपारी ते जमिनीवर पसरून बसते आणि सासऱ्यांची तिथी, पितृपक्षातील आमच्या घरचा दिवस, संकष्टी, नवरात्राची घटस्थापना आणि गौरी आवाहन यांच्या नोंदी एकेक करून फोनमध्ये भरते. 'दरवर्षी' निवडत नाही. श्राद्धतिथी अपराह्णकाळी पाहतात, त्यामुळे ती कधी कधी आपण समजतो त्या दिवशी नसते. अशी शंका आली तर गुरुजींना विचारून मगच लिहिते. अधिक मास असलेल्या वर्षी विशेष जपावे लागते. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. आम्ही गावी जातो आणि रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेही सकाळी आठला, म्हणून प्रवासाच्या दिवसापासून मागे मोजून त्या दिवशी पावणेआठची आठवण लावते.

या सर्व नोंदी मी 'घर' नावाच्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवल्या आहेत आणि ते यजमान, मुलगा आणि म्युनिकला असलेली सून यांच्याशी शेअर केले आहे. सूनबाईंनी मागच्या वर्षी तिथीच्या दिवशी तिकडे वरण-भात-खीर केली आणि ताटाचा फोटो पाठवला. मी तिला काही सांगितले नव्हते. तिच्या फोनवर सकाळीच आले होते.

*

सोलापूर, कर सल्लागार

आमच्या कामातील तारखा ठरलेल्या असतात: टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराचा, भरणा ७ तारखेला, जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र महिन्याच्या ११ तारखेला, ३बी हे जीएसटी भरण्याचे विवरणपत्र बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २० तारखेला. त्या पुनरावृत्तीने भरणे सोपे आहे, खरी परीक्षा मुदत वाढते तेव्हा असते. मुदतवाढीची अधिसूचना आली की नोंद सरकवताना कॅलेंडर विचारते: फक्त ही नोंद, ही आणि पुढच्या, की सर्व. घाईत 'सर्व' दाबल्याने एकदा माझे संपूर्ण वर्ष चुकीच्या तारखेवर गेले होते. हा बदल मी फोनवर करत नाही. संगणकावर, महिन्याचे पान समोर ठेवूनच करतो.

मेलच्या बाबतीत मला सर्वाधिक उपयोग फिल्टरचा झाला. प्रत्येक पक्षकाराच्या पत्त्यावरून आलेला मेल आपोआप त्याच्या नावाच्या लेबलखाली जातो, त्यामुळे विषय न लिहिता पाठवलेले बँक स्टेटमेंटही हरवत नाही. हे फिल्टर संगणकावर बसून एकदा करावे लागतात, मग फोनवरही लागू होतात. जीमेलमध्ये संगणकावर उघड्या मेलवरूनच कॅलेंडरची नोंद करता येते आणि मेलचा दुवा तिच्यात राहतो. मात्र सावध राहा: मेलमधील सर्व पत्ते पाहुणे म्हणून आपोआप भरले जातात. मी एकदा 'यांची कागदपत्रे अपुरी, कडक शब्दांत कळवणे' अशी नोंद केली आणि तिचे आमंत्रण त्याच पक्षकाराला गेले. त्यांची क्षमा मागितली. आता आधी पाहुण्यांची यादी रिकामी करतो, मग मजकूर लिहितो.

*

कोल्हापूर, प्राध्यापक

माझ्या फोनवर तीन खाती आहेत: घरचे, महाविद्यालयाचे आणि एका संशोधन प्रकल्पाचे. सर्व मेल एकत्र दाखवणारा इनबॉक्स सोयीचा वाटतो, पण त्यात नवा मेल लिहिताना तो कोणत्या खात्यातून जातो आहे याकडे लक्ष राहत नाही. एका विद्यार्थिनीचे शिफारसपत्र माझ्या घरच्या पत्त्यावरून गेले आणि परदेशातील विद्यापीठाने ते संस्थेच्या पत्त्यावरून नसल्याने स्वीकारले नाही. मुदत संपायला एक दिवस होता म्हणून ते पुन्हा पाठवता आले. आता प्रत्येक खात्याची स्वाक्षरी वेगळी आहे. खाली पदनाम दिसले नाही की लगेच कळते. पाठवलेला मेल मागे घेण्याचा अवधीही जीमेलमध्ये पाच सेकंदांवरून तीसवर नेला आहे.

*

म्हापसा, बँकेतून निवृत्त

मी पासष्ट वर्षांचा आहे आणि हे सर्व उशिरा शिकलो. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते, हे मला ठाऊक नव्हते. नातीचे व्हिडिओ फोनवरून आपोआप चढत होते. जागा भरल्याच्या सूचना येत होत्या, त्या मी जाहिराती समजून बाजूला सारत होतो. मग एके दिवशी मेल येणे थांबले. पाठवणाऱ्यांकडे ते परत जात होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पेन्शनच्या कागदांबद्दलचे पत्र त्यांतच होते.

मुलीने फोनवरून मार्ग सांगितला आणि मी संगणकावर बसलो, कारण फोनच्या लहान पडद्यावर हे काम होत नाही. शोधाच्या चौकटीत आकाराची अट घालता येते. १० एमबीपेक्षा मोठे मेल मागितले, तर जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या सुविचारांच्या आणि देवदर्शनाच्या फिती निघाल्या. त्या पुसल्या, तरी जागा तेवढीच दिसे. पुसलेले मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात, हे मग कळले. ट्रॅश रिकामा केल्यावर मेल पुन्हा सुरू झाले. परत गेलेली पत्रे मात्र आपोआप येत नाहीत. मी वहीत नऊ दिवसांची यादी केली, कोणाकोणाचे पत्र अपेक्षित होते ते आठवून लिहिले आणि एकेकाला दूरध्वनी करून पुन्हा पाठवायला सांगितले. दोघांचा अजून निरोप यायचा आहे.