एकट्यानं खेळायच्या गेमला दर वेळी नेट कशाला लागतंय?

आखाड्यावरचा (परभणी जिल्हा)

राम राम मंडळी. मी जिंतूर तालुक्यात शेती करतो. रब्बीत आमच्या फीडरला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे मुक्काम आखाड्यावर, शेतातल्या खोलीत. मोटार चालू केली, स्प्रिंकलर लावले की पाईप बदलायची वेळ होईपर्यंत जागं राहावं लागतं. डोळा लागला तर पाणी एकाच जागी साचून पीक पिवळं पडतं. त्या वेळात मी लॅपटॉपवर गेम खेळतो. कुणी काही म्हणो, मला यातून खरंच लै समाधान मिळतं.

रेंजचं सांगायचं तर बांधावरच्या बाभळीखाली उभं राहिल्यावर एक काडी दिसते, आत खोलीत तीही नाही.

दिवाळीच्या टायमाला सोयाबीनचे पैसे आले तेव्हा एका मोठ्या कंपनीचा गेम विकत घेतला. कथेचा, एकट्यानं खेळायचा. रोजच्या दीड जीबीत तो उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून परभणीला मावसभावाकडं लॅपटॉप नेऊन रात्रभर डाऊनलोडला लावला. तिथं चालू करून बघितला, मस्त चालला. आखाड्यावर उघडला तर कंपनीचं वेगळंच लाँचर, म्हणजे गेम चालू करून देणारं सॉफ्टवेअर, पुढं येऊन साईन इन मागायलंय. नेट नाही म्हणलं की गेम बंद. त्याच लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली विनातक्रार चालतो, त्याला नेटशी काही देणंघेणं नाही. 2016 साली एका माणसानं एकट्यानं बनवलेल्या गेमला जे जमतं, ते हजारो लोक कामाला असलेल्या कंपनीला का जमत नाही?

माझं म्हणणं एवढंच हाय: ज्या गेमात दुसरा कुणी खेळाडूच नाही, तो पूर्ण पैसे मोजून घेतल्यावर नेट बंद असतानाही चालला पाहिजे. आणि चालणार नसेल तर तसं किमतीच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहा. हे घ्यायच्या आधी कळायचा काही मार्ग हाय का?

दुकानवाला_लातूर

भाऊ, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रोज कुणी ना कुणी हेच विचारायला येतं.

स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानात, गेमचं पान उघडलं की उजव्या बाजूच्या पट्टीत खाली बघत जा. गेमला दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागत असेल किंवा डेनुवोसारखं चोरीची कॉपी रोखणारं कुलूप असेल तर ते तिथं लिहिलेलं असतं. अक्षर बारीक असतं, म्हणून लोक वाचत नाहीत. डेनुवोला पहिल्यांदा चालू करताना नेट लागतंच. पुढं बहुतेक वेळा नेटशिवाय चालतं, पण विंडोजची मोठी अपडेट आली किंवा मशीनमधलं काही बदललं तर ते परत नेट मागू शकतं. तुमच्यासारख्याला मुख्य त्रास असतो तो वेगळ्या लाँचरचा.

नवीन गेम घेतला की मावसभावाकडंच एकदा पूर्ण उघडा. मग स्टीमच्या मेन्यूतून ऑफलाईन जा, तिथंच वायफाय बंद करा आणि परत चालवून बघा. चालला तरच घरी न्या. नाही चालला तर पैसे परत मागा. खरेदीला 14 दिवस व्हायच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं तर स्टीम परत देतं.

बीडचा_पोरगा

दादा, एवढा कुटाणा कशाला? क्रॅक टाका, कुलूप तोडलेली फुकटची कॉपी. नाहीतर मोबाईलवर बीजीएमआय खेळा, पबजीचा भारतातला अवतार.

आखाड्यावरचा

क्रॅक नको भाऊ. ज्यानं गेम बनवला त्याला पैसे मिळाले पाहिजेत. माझ्या मालाला मोंढ्यात भाव मिळत नाही तेव्हा मला कसं वाटतं ते मला माहीत हाय. शिवाय त्याच लॅपटॉपवर पीकविम्याचे अन् बँकेचे कागद हायेत.

अन् बीजीएमआयचं म्हणशील तर तो सर्व्हरवरच चालणार, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. शंभर माणसं एका मैदानात उतरवायची तर नेट लागणारच. पण 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली अन् ऑक्टोबरच्या शेवटी सर्व्हर बंद झाले, तेव्हा आमच्या पाराजवळची पोरं रिकामी झाली. बीजीएमआय पण 2022 च्या जुलैत गेला, 2023 च्या मेमध्ये परत आला. दुसऱ्याच्या हातात चावी असली की असं होतं. एकट्याच्या गेमला तरी ती आपल्या हातात असू दे.

संभाजीनगरची_वाचक

दादांचा मुद्दा फक्त खेड्यापुरता नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम 2014 मध्ये आला. त्यात एकट्यानं खेळण्यासारखं भरपूर होतं, पण सर्व्हरशिवाय तो उघडायचाच नाही. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेल्या सगळ्यांचा गेम गेला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, युरोपात तिच्या अर्जावर 10 लाखांपेक्षा जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदा आहे की मिळतो तो फक्त वापराचा परवाना असेल तर विकतानाच तसं स्पष्ट सांगायचं. आपल्याकडं 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवता येते. नेट सतत लागतं हे आधी नीट सांगितलं नसेल तर दादा, तुम्ही जरूर नोंदवा. पावती आणि त्या लाँचरच्या स्क्रीनचा फोटो जपून ठेवा.

आणि जीओजी हे गेमचं दुसरं ऑनलाईन दुकान बघा. तिथं इन्स्टॉलरची फाईलच आपल्याला मिळते. 'विचर 3' मी तिथूनच घेतलाय. चार-चार जीबीचे तुकडे असतात, ते हार्डडिस्कवर ठेवले की पुढं कुणाला विचारायला नको. माझ्या भावाचं घर वैजापूरच्या पुढं वस्तीवर आहे, तिथं मी हार्डडिस्क घेऊन जाते.

आखाड्यावरचा

ताई, दुकानवाले भाऊ, लै उपकार झाले. त्या पानावर परत जाऊन बघितलं. उजवीकडं खाली अकाउंट लागतं असं खरंच लिहिलंय, पण ते एकदाच की दर वेळी, याचा कुठंच उल्लेख नाही. फोटो काढून ठेवलेत, 1915 ला उद्या सकाळी फोन लावतो.

आता पुढचा गेम 'विचर 3' घ्यायचं ठरवलंय. स्टीमवर घेतला तर एकाच वायफायवरच्या दुसऱ्या मशीनवरून फाईली ओढता येतात असं वाचलं. जिंतूर, सेलू, मानवत भागात कुणाकडं तो स्टीमवर उतरवलेला हाय का? मी माझ्या पैशानं विकत घेणारच हाय, फाईली तेवढ्या तुमच्या मशीनवरून घेतो. लॅपटॉप घेऊन यायची माझी तयारी हाय, फक्त दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात बोलवा.