मदत हवी आहे: 'न्यू मेक्सिको' युद्धनौकेच्या सुकाणूचं चालतं मॉडेल वाऱ्यात तिरपं जातंय

नमस्कार मंडळी,

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक चालतं मॉडेल करतेय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. रशियन आरमारातून अमेरिकेत आलेले इंजिनियर निकोलस मिनोर्स्की यांनी १९२३ साली 'न्यू मेक्सिको' या अमेरिकन युद्धनौकेवर आपोआप सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राच्या चाचण्या घेतल्या. त्याची ही छोटी आवृत्ती.

मुलांना मला मुख्यतः मिनोर्स्कींचं निरीक्षण दाखवायचंय. मुरलेला खलाशी जहाज किती भरकटलंय एवढंच बघत नाही. ते किती वेगाने वळतंय आणि मघापासूनची चूक किती साचलीय, तेही तो धरतो. माझे मामा होडीवर हेच करतात. नाक रेषेवर यायच्या आधीच त्यांचा हात सुकाणू उलट द्यायला लागलेला असतो. मिनोर्स्कींनी १९२२ च्या लेखात हे गणितात मांडलं. आज कारखान्यात ज्याला पीआयडी म्हणतात (आत्ताची चूक, साचलेली चूक आणि ती बदलण्याचा वेग या तिन्हींवरून यंत्र आवरणं) ते हेच.

सव्वादोन फुटी होडी, आर्डुइनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड), होकायंत्राचा सेन्सर, जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि खेळण्यातल्या विमानाचा सर्वो (सांगितलेल्या कोनाला जाऊन थांबणारी मोटर), एवढं सामान आहे. नुसता दिशेतला फरक दिला तर होडी टाकीत नागमोडी जाते. होकायंत्राच्या लागोपाठच्या वाचनांतून वळण्याचा वेग काढून जोडला, तर नागमोड थांबते, पण सुकाणू थडथडतं आणि सर्वो हाताला चटका बसेल इतका तापतो. त्यात बाजूने टेबलफॅन लावला की होडी सहा-सात अंश तिरपी होते आणि तशीच जात राहते.

दुसरं म्हणजे, मूळ यंत्र सुकाणूचा कोन ठरवत नव्हतं, सुकाणू फिरण्याचा वेग ठरवत होतं. सर्वोला तर कोनच सांगावा लागतो. मग मूळ पद्धत जपायची कशी? मुलांना भलतंच काही दाखवून 'हे मिनोर्स्कींचं' म्हणायला मन धजत नाही.

उत्तर

ताई, सर्वो बदलू नका. प्रोग्रामच्या दर फेरीला नवा कोन काढण्याऐवजी आधीच्या कोनात थोडी भर घाला किंवा थोडी वजा करा. ही भर म्हणजेच सुकाणू फिरण्याचा वेग. ती तीन गोष्टींवरून ठरवा: दिशेतला फरक, जायरोने दिलेला वळण्याचा वेग, आणि जायरोच्या मागच्या व आत्ताच्या वाचनातला फरक. भर साचत जाते म्हणून पंख्याची चूक आपोआप भरून निघेल. त्यासाठी वेगळी ओळ लिहायची गरज नाही.

थडथड होकायंत्रामुळे आहे. त्याची वाचनं उड्या मारतात आणि वजाबाकी केली की त्या उड्याच मोठ्या होतात. वेग जायरोवरूनच घ्या. सुकाणू दोन्हीकडे ३५ अंशांवर अडवा आणि तिथे पोचल्यावर भर थांबवा, नाहीतर होडी रेषा ओलांडून पलीकडे जाईल.

तिसरा भाग, म्हणजे जायरोच्या दोन वाचनांतला फरक, आधी शून्य ठेवून मुलांना दाखवा. 'न्यू मेक्सिको'वर त्याच्याशिवाय जहाज दोन्ही बाजूंना २ अंश हलत राहायचं, तो जोडल्यावर जेमतेम १/६ अंश. बहुतेक खलाशांना हे जमलं नसतं. तरीही खलाशांच्या विरोधामुळे नौदलाने ते यंत्र घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धागाकर्ती

दादा, काल संध्याकाळी करून पाहिलं. पंखा लावल्यावर होडी तिरपी झाली, पाच-सहा सेकंद तशीच गेली आणि मग हळूहळू रेषेवर आली. सुकाणू मात्र वाऱ्याकडे जरा कललेलंच राहिलं, मामांच्या होडीचं राहतं तसं. सर्वो आता गार आहे. तिसऱ्या भागाचा आकडा अजून अंदाजानेच टाकलाय, तो कसा बसवायचा तेवढं सांगाल का?