लॅक्स्टनची तीन शेतं: पट्टे, खुंट्या आणि कोर्ट लीट नेमकं कसं चालतं?

नांगरतास (प्रश्न)

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीतल्या लॅक्स्टन गावात मध्ययुगातली 'ओपन फील्ड' पद्धत, म्हणजे कुंपण नसलेली मोठी शेतं पट्ट्यांत वाटून कसायची पद्धत, अजून चालू आहे. मराठीत याबद्दल जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात तिला सरसकट 'सामुदायिक शेती' म्हटलेलं असतं. पण पट्टे तर वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावावर आहेत. मग सामाईक आहे तरी काय? एकाच शेतकऱ्याचे पट्टे तीन दिशांना का विखुरलेले? आणि 'कोर्ट लीट' म्हणजे तिथली ग्रामपंचायत समजायची की न्यायालय?

शिवारनकाशा

'सामुदायिक शेती' हा शब्द आधी सोडा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बियाणं, अवजारं, पीक, नफा-तोटा ज्याचा त्याचा. शेतकरी ही इस्टेटीची, म्हणजे गावच्या मोठ्या जमीनदारीची, कुळं आहेत आणि प्रत्येकाचे पट्टे ठरलेले आहेत. सामाईक आहे ती पिकांची पाळी आणि हद्दीची राखण.

गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक (जव, वाटाणा, घेवड्याच्या जातीची कडधान्यं), तिसरं पड. पुढच्या वर्षी गव्हाचं शेत वसंत पिकाकडे, वसंत पिकाचं पडीकडे आणि पडीचं गव्हाकडे जातं. हल्ली तिसऱ्या वर्षी जमीन उघडी न ठेवता चाऱ्याचं पीकही घेतात, पण पाळीचा क्रम तोच.

ही पाळी एकट्यानं मोडून चालत नाही. शेताच्या आत कुंपण नाही. पूर्वी कापणी झाली की धसकटांवर आणि पडीवर सगळ्यांची जनावरं एकत्र सोडत. एखाद्यानं मध्येच वेगळं पीक उभं ठेवलं, तर एक तर ते चरलं जाणार, नाही तर त्या एका पट्ट्यापायी सगळ्या गावाची चराई अडणार. सुटलेलं जनावर 'पिंडर' हा त्यासाठी नेमलेला माणूस पकडून 'पिनफोल्ड'मध्ये घालायचा. आपल्या भाषेत सरळ कोंडवाडा. लॅक्स्टनचा कोंडवाडा आजही जागेवर आहे.

विखुरलेल्या पट्ट्यांचं कारण पाळीतच आहे. सगळी जमीन एकाच शेतात असती, तर दर तीन वर्षांनी त्या घराचं अख्खं वर्ष पडीत गेलं असतं. म्हणून तिन्ही शेतांत वाटा हवाच. शिवाय इथली माती जड, चिकण. उतारावर पाणी निघून जातं, सखलात साचतं. शेताच्या आतही पट्टे पसरलेले असले की ओली आणि निचऱ्याची, दोन्ही प्रकारची जमीन प्रत्येकाच्या वाट्याला येते.

पट्टा लांबट का, तर बैलांमुळे. नांगराला बैलांच्या जोड्या एकामागे एक जुंपत, आणि एवढी लांब रांग पुन्हा पुन्हा वळवणं हेच सगळ्यात जिकिरीचं काम. म्हणून नांगराचं तास लांब, वळणं कमी. 'फर्लाँग' म्हणजे मुळात तासाचीच लांबी, २२० यार्ड. त्याला २२ यार्ड रुंदी दिली की एक एकर होतो. टोकाला वळायला 'हेडलँड' सोडलेली असे आणि बैल तिथे पोचण्याआधीच वळायला लागत, त्यामुळे इंग्लंडमधले जुने पट्टे हलक्या उलट्या 'एस'सारखे वाकलेले दिसतात.

जुन्या मोजणीत एकर-रूड-पर्च येतं: ४ रूड म्हणजे एक एकर, ४० पर्च म्हणजे एक रूड. गुंठ्यात मोजायची सवय असेल तर हिशोब अगदी सोपा आहे. एक रूड बरोबर १० गुंठे, एक पर्च बरोबर पाव गुंठा.

खुंटीदोर

कोर्ट लीटबद्दल. ते मॅनरचं, म्हणजे जमीनदारीचं न्यायालय. १९७७च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्टनं इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनचा अपवाद ठेवला, कारण इथे शेतांचा कारभार खरोखरच त्याच्यावर चालतो.

कामाचा क्रम असा. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी ज्युरी, म्हणजे शेतकऱ्यांमधूनच नेमलेले पंच, आपल्या फोरमनसह शेतात उतरतात. पाहतात फक्त त्या वर्षी गहू पेरलेलं शेत. यात फार मोठं शहाणपण आहे. पेरा ताजा असतो, कोंब नुकतेच वर आलेले असतात, त्यामुळे कुणाची ओळ कुठवर गेली हे जमिनीवर स्पष्ट दिसतं. आणि गहू प्रत्येक शेतात तीन वर्षांतून एकदा येत असल्यानं तीन वर्षांत सगळ्या शिवाराची हद्द तपासून होते.

पट्ट्यांच्या हद्दीवर लाकडी खुंट्या असतात. हललेली किंवा हरवलेली खुंटी ज्युरी पुन्हा ठोकते. मुख्य गुन्हा एकच, बांध कोरणे! खरं तर तिथे बांधही नसतो, दोन पट्ट्यांमध्ये नुसती सरी असते. म्हणून एक तास जास्त मारणं फार सोपं, आणि ते लक्षात येणं अवघड. शेजाऱ्याच्या पट्ट्यात, वाटेवर किंवा 'साइक' नावाच्या गवती पट्ट्यात नांगर घातला, चर बुजू दिला, तर दंडाची नोंद होते. आठवड्यानं डोव्हकोट इन या गावच्या पबमध्ये इस्टेटीच्या स्ट्युअर्डसमोर (कारभाऱ्यासमोर) कोर्ट भरतं. ज्युरीच्या नोंदी तिथे मांडल्या जातात आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते. दंड किरकोळ असतो. खरी शिक्षा म्हणजे साऱ्या शेजाऱ्यांसमोर आपलं नाव वाचलं जाणं.

'साइक' म्हणजे शेतातल्या ओलसर घळींमधले, नांगर न लागलेले गवताचे पट्टे. त्यांच्या गवताचा दर वर्षी लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर लागला नसल्यानं तिथली रानफुलं टिकून राहिली आणि आता त्यांना निसर्गसंवर्धनाचं कायदेशीर संरक्षण आहे. म्हणूनच साइकमध्ये गेलेलं एक तास शेजाऱ्याच्या शेतातल्या तासापेक्षा महाग समजावं. शेजाऱ्याची हद्द खुंटी ठोकून परत देता येते, मोडलेलं गवत तसं भरून येत नाही.

वेस्ट्रीचा दरवाजा

ग्रामपंचायतीशी तुलना करायची तर ती पॅरिश कौन्सिलशी करा; 'पॅरिश' म्हणजे इंग्लंडमधला गावपातळीचा विभाग. १८९४च्या कायद्यानं गावाचा दिवाणी कारभार चर्चच्या 'वेस्ट्री' सभेकडून काढून निवडलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला, आणि अगदी लहान पॅरिशसाठी नुसती पॅरिश मीटिंग ठेवली. म्हणजे 'पॅरिश' दोन आहेत, एक चर्चची आणि एक दिवाणी. दोघींच्या हद्दी जुळतीलच असं नाही. कागद वाचताना ही चूक हमखास होते. लॅक्स्टनची दिवाणी पॅरिश शेजारच्या मूरहाउससह आहे. पॅरिश कौन्सिल किंवा मीटिंग पट्ट्यांच्या हद्दीत पडत नाही, आणि कोर्ट लीटला गावाचा इतर कारभार चालवायचा अधिकार नाही.

नांगरतास

आभार, पंच आणि खुंट्यांचं आता नीट कळलं. दोन शंका राहिल्या. बाकी इंग्लंडमध्ये कायदे करून शेतं कुंपणात गेली, म्हणजे पट्टे मोडून ज्याचा त्याचा सलग तुकडा झाला, मग हे गाव कसं वाचलं? आणि गावाचा १६३५चा जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पट्टे जुळवता येतील का?

शिवारनकाशा

पूर्णपणे वाचलं नाही. १६३५ला तेव्हाचे जमीनदार सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदारानं केलेली मोजणी आणि नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात ईस्ट फील्ड हे चौथं शेतही दिसतं. ते पुढे कुंपणात गेलं, आणि बाकीच्यांचेही काही भाग गेले. उरलेलं टिकण्यामागे दोन बड्या जमीनमालकांचं जमिनींच्या अदलाबदलीवर एकमत न होणं हे मोठं कारण. १९५२मध्ये अर्ल मॅनव्हर्सकडून इस्टेट कृषी मंत्रालयानं घेतली, १९८१मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे) गेली आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या इस्टेटीकडे परत आली.

पट्टे मात्र जुळवत बसू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान पट्टे एकत्र करून मोठे केले गेले, त्यामुळे ओळीला ओळ लागणार नाही. आधी रस्ते, चर्च, गावाच्या उत्तरेचा नॉर्मन किल्ल्याचा टेकाड आणि साइक जुळवा. मग घरं पाहा. कुंपणात गेलेल्या गावांत शेतकऱ्यांची घरं एकेक करून शेतांत निघून गेली. इथे जमीन तीन दिशांना असल्यानं कुठल्याच एका शेतात घर बांधून सोय होत नव्हती. म्हणून गोठे-कोठारांसकट घरं आजही मुख्य रस्त्याच्या कडेला आहेत, आणि त्यांच्या मागच्या लांबट परसांच्या हद्दी १६३५च्या नकाशाशी पट्ट्यांपेक्षा कितीतरी चांगल्या जुळतात.